पान पिवळं पडलंय? खताची पिशवी उघडण्याआधी हे तपासा

कुंडीतल्या टोमॅटोचं पान पिवळं दिसलं की हात आपोआप खताकडे जातो. तो हात जरा मागे घ्या, एवढंच मला सांगायचं आहे. माझी सगळी नोकरी माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत झाली, आता कुंड्यांत टोमॅटो आणि मिरची लावते, आणि ओळखीपाळखीचे लोक पानांचे फोटो पाठवत असतात. फोटोखाली प्रश्न ठरलेला: ‘काय घालू?’ माझा उलटा प्रश्नही ठरलेला: ‘पान वरचं की खालचं?’ ते बहुतेकांनी बघितलेलं नसतं. फोटो एकाच पानाचा, अगदी जवळून, तोही रात्री दिव्याखाली काढलेला. त्यात हिरवं कुठलं आणि पिवळं कुठलं, हे त्या पानालाच ठाऊक.

मातीतलं एखादं अन्नद्रव्य खरोखर संपलंय अशा कुंड्या मला कमी भेटतात. बहुतेक वेळा ते तिथे असतं, पण झाडाला उचलता येत नाही. मुळं पाण्याने गुदमरलेली असतात, मातीचा सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्क आहे त्याचं माप) चढलेला असतो, नाहीतर आधी घातलेल्या खतांचे क्षार साठून राहिलेले असतात. अशा झाडाला वर आणखी खत घातलं तर रोग तसाच राहतो आणि औषधाचा त्रास वाढतो.

पहिल्यांदा बोट मातीत

दोन पेरं खोल बोट घाला. वरची माती कोरडी आणि खाली चिखल, ही कुंडीची नेहमीची फसवणूक. झाड मलूल आहे, खालची पानं पिवळी आहेत आणि माती ओली आहे, तर त्याला पाणीही नको आणि खतही नको. त्याला हवा हवी आहे. मुळांना श्वास घेतल्याशिवाय अन्नद्रव्यं आत ओढता येत नाहीत, कारण त्या कामाला ऊर्जा लागते आणि ऊर्जेला प्राणवायू. कुंडीत वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही, नसेल तर मातीत सगळं भरलेलं असूनही झाड उपाशी राहतं. कुंडीच्या बुडाची भोकं उघडी आहेत का, खालची ताटली पाण्याने भरलेली तर नाही, हे बघा. मातीला कुबट, आंबूस वास येत असेल तर कडेने माती थोडी सैल करून एखादं मूळ बघा. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असतं. कुजलेलं तपकिरी असतं आणि चिमटीत धरून ओढलं की त्याची साल सुटून हातात येते. असं दिसलं तर पुढचं काही वाचू नका. पाणी थांबवा, निचरा सुधारा.

मुळं ठीक असतील तर पान उलटं करा. पानाच्या पाठीवर बारीक जाळी, पुढच्या बाजूला पिठूळ ठिपके, हे कोळी नावाच्या बारीक किडीचं काम. नुसत्या डोळ्यांना दिसत नसतील तर फांदी पांढऱ्या कागदावर झटका. कागदावरचे ठिपके चालायला लागले की निदान झालं. शेंड्याची पानं बारीक, कडा वर वळलेल्या आणि पिवळ्या, झाडाची वाढ खुंटलेली आणि आसपास पांढरी माशी उडतेय, तर तो विषाणू आहे. लोक त्याला सूक्ष्म अन्नद्रव्यांचे डोस देत बसतात. कशाचाही उपयोग होत नाही. झाड उपटा, शेजारच्या कुंड्या वाचवा. खालच्या पानांवर एकात एक वर्तुळं असलेले तपकिरी डाग म्हणजे करपा. आणि खालची जून पानं नुसती वरच्या बाजूला गुंडाळली गेलीत, पण रंग हिरवा आहे आणि झाड फळं धरतंय, तर काहीच करायचं नाही. उन्हात, वाऱ्यात किंवा जास्त छाटणी झाली की टोमॅटो असं करतो.

एक विचित्र प्रकार माहीत असावा म्हणून सांगते. नवी पानं अरुंद, पिळवटलेली, शिरा एकमेकींना समांतर झालेल्या, असं दिसलं तर तणनाशकाचा संशय घ्या. फवारा वाऱ्याने उडून येतो हे लोकांना ठाऊक असतं. पण काही तणनाशकं गवतात टिकतात, ते गवत खाल्लेल्या जनावराच्या शेणातही टिकतात आणि कंपोस्ट झाल्यावरही उरतात. नव्या खताबद्दल शंका असेल तर आधी त्यात घेवड्याचे चार दाणे पेरून बघा. घेवडा वाकडा उगवला तर ते खत टोमॅटोला घालू नका.

कमतरता आणि रोग यांतला फरक ओळखायला मी एकच गोष्ट बघते, सारखेपणा. कमतरता एका वयाच्या सगळ्या पानांवर, पानाच्या दोन्ही अंगांना साधारण सारखी उतरते. रोग आणि कीड कुठेही, कशीही, एका फांदीवर जास्त आणि दुसरीवर नाहीच.

खालून सुरू झालं की वरून?

इथे सगळं निदान ठरतं, म्हणून नीट समजून घ्या. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम ही झाडाच्या आत फिरणारी अन्नद्रव्यं. तुटवडा पडला की झाड ती जुन्या पानांतून काढून शेंड्याकडे पाठवतं, घरात धान्य कमी पडल्यावर मोठ्यांनी आपल्या ताटातलं लेकरांना द्यावं तसं. म्हणून लक्षणं खालच्या पानांवर आधी दिसतात. कॅल्शियम, बोरॉन, लोह ही एकदा जिथे बसली तिथून हलत नाहीत म्हणाल तरी चालेल. त्यांचा पुरवठा तुटला की मार बसतो तो नव्या पानांवर आणि शेंड्यावर.

खालचं पान शिरांसकट, सगळीकडे एकसारखं फिकट होतंय, खोड बारीक आहे, झाड एकूणच मरगळलेलं आहे: नत्र कमी. कुंडीत अर्धवट कुजलेला पालापाचोळा किंवा लाकडाचा भुसा मिसळला असेल तर हे होणारच. भुशात कार्बन भरपूर आणि नत्र नावाला. तो कुजवणारे जिवाणू आपल्या गरजेचं नत्र मातीतून उचलतात आणि झाडापर्यंत पोहोचू देत नाहीत. नत्र दिलं की फरक लवकर कळतो, पण मोजून द्या. जास्त झालं की झाड माजतं. पानं काळपट हिरवी, शेंडे खाली वळलेले, खोड बोटाएवढं जाड आणि फुलांचा पत्ता नाही.

पानाच्या पाठीवर आणि देठावर जांभळी झाक आली तर ते स्फुरद. मात्र रोप लहान असेल आणि हवा थंड असेल तर धीर धरा. माती साधारण १५ अंशांच्या खाली असली की मातीत असलेलं स्फुरदही मुळांना नीट उचलता येत नाही. ऊब आली की नवी पानं हिरवी निघतात. जुन्या पानांच्या कडा आधी पिवळ्या, मग करपल्यासारख्या तपकिरी आणि फळं पिकताना देठाजवळ पिवळी, टणक राहतायत, तर पालाश.

आता मॅग्नेशियम. फळं लागलेल्या टोमॅटोवर सगळ्यात जास्त दिसतं ते हेच. खालच्या किंवा मधल्या पानांच्या शिरा हिरव्या, शिरांमधला भाग पिवळा. पानाचा पिवळेपणा बहुधा कडेकडून आत सरकतो. याचं कारण अनेकदा आपणच पुरवलेलं असतं. फळं धरायला लागली की पालाश हवं, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं, म्हणून झिरो-झिरो-पन्नास या पालाशच्या खताचा मारा सुरू होतो. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम मुळांच्या दारात एकमेकांशी स्पर्धा करतात. पहिल्याचा लोंढा आला की दुसऱ्याला आत शिरायला मिळत नाही. अशा वेळी आधी पालाश कमी करा. मग मॅग्नेशियम सल्फेट १ लिटर पाण्यात १० ग्रॅम विरघळवून ऊन उतरल्यावर पानांवर दोन्ही बाजूंनी फवारा, आठवड्याने परत एकदा. फवारा आधी दोन-चार पानांवर मारून एक दिवस वाट बघा, मग सगळ्या झाडावर. फळांनी लगडलेल्या झाडाची तळातली एक-दोन पानं पिवळी झाली आणि बाकी सगळं ठीक असेल तर त्यांच्याकडे लक्ष देऊ नका. सावलीतली म्हातारी पानं गळणारच.

वरची पानं पिवळी: बहुतेक वेळा लोह, आणि दोष लोहाचा नसतो

शेंड्याची नवी पानं पिवळी, त्यावर हिरव्या शिरांची बारीक नक्षी, आणि त्रास वाढला की पान जवळजवळ पांढरं. शेतकरी याला केवडा पडला म्हणतात. चित्र मॅग्नेशियमसारखंच, फक्त झाडाच्या दुसऱ्या टोकाला. एकाच पानाच्या फोटोवरून दोन्हींत फरक करता येत नाही, म्हणून मी पूर्ण झाडाचा फोटो मागते.

मातीत लोह मुबलक असतं. पण सामू एकाने वाढला की मातीच्या पाण्यात विरघळलेलं फेरिक लोह साधारण हजारपटीने घटतं. टोमॅटोला ६ ते ६.८ सामू मानवतो. जड पाण्यात बायकार्बोनेट असतात. तेच पाणी रोज घातलं की लहानशा कुंडीतला सामू हळूहळू साडेसातच्या पुढे जाऊन बसतो. जमिनीत हे व्हायला वेळ लागतो, कुंडीत एका हंगामात होतं. म्हणून गंजका खिळा मातीत खोचण्याचा सल्ला मला हसवतो. गंज म्हणजे न विरघळणारं लोहच; ते मातीत आधीच ढिगाने आहे. अंड्याच्या टरफलांचंही तसंच. ती कॅल्शियम कार्बोनेटची. विरघळायला फार वेळ घेतात, आणि जेवढी विरघळतात तेवढा सामू वरच ढकलतात.

खात्री करायची तर एक सोपी चाचणी आहे आणि ती मला फार आवडते. चिलेटेड लोह, म्हणजे विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रेणूत बांधलेलं लोह, १ लिटर पाण्यात १ ग्रॅम या प्रमाणात विरघळवा. बारीक कुंचला घ्या आणि शेंड्याकडच्या पिवळ्या पानाच्या मधल्या शिरेच्या एकाच बाजूला ते लावा. दुसरी बाजू कोरडी ठेवा. आठवड्याभरात लावलेला भाग हिरवा झाला आणि दुसरा पिवळाच राहिला, तर झाडाला लोह कमी पडत होतं. मातीत लोह नाही, असं मात्र यातून सिद्ध होत नाही. पुढचं काम सामू मोजण्याचं.

चिलेटेड लोह विकत घेताना पिशवीवरची बारीक अक्षरं वाचा; लोह कुठल्या रेणूत बांधलंय ते तिथे कळतं. ईडीटीए प्रकारचं लोह सामू साधारण साडेसहाच्या वर गेला की मातीत टिकत नाही; ते फवारायला ठीक. डीटीपीए सातच्या थोडं पुढेपर्यंत चालतं. ईडीडीएचए ९ पर्यंतच्या सामूतही टिकतं, त्याची किंमत जास्त असते आणि पाणी त्याने लालभडक होतं. चुनखडीच्या मातीत ईडीटीए ओतत राहणं म्हणजे पैसे पाण्यात.

वरच्या भागातली बाकीची दुखणी कुंडीत कमी दिसतात. कोवळी पानं शिरांसकट फिकट असतील तर गंधक. पानं बारीक, पेरं आखूड, शेंड्याला झुपका, तर जस्त. शेंडाच मरतोय, पान दुमडलं की कटकन मोडतंय, तर बोरॉन. याला मात्र अंदाजाने हात लावू नका, कारण पुरेसं आणि विषारी यांत अंतर फार थोडं आहे. ही तिन्ही एकदम दिसताहेत असं वाटलं तर मी सरळ सामू मोजायला सांगते.

थोडं थोडं सगळंच घालते, काहीतरी लागू पडेल, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. आर्नन आणि स्टाउट या वनस्पतिपोषणाच्या अभ्यासकांनी १९३९ मध्ये आवश्यक अन्नद्रव्याच्या ज्या कसोट्या मांडल्या, त्यांतली एक हीच की त्याची जागा दुसरं कुठलंही द्रव्य घेऊ शकत नाही. मॉलिब्डेनम वनस्पतींना लागतं हेही त्यांनी टोमॅटोच्याच रोपांवर दाखवलं. आज अशी १७ द्रव्यं मानली जातात. लोहाची उणीव जस्ताने भरत नाही. उलट जास्तीचं जस्त किंवा स्फुरद लोहाच्या वाटेत आडवं येतं.

फळाच्या बुडाला काळा डाग

या एका गोष्टीवर जेवढं कॅल्शियम वाया जातं तेवढं कशावरच जात नसेल. फळाचं बूड आधी पाणचट, मग काळं, चपटं, कातडीसारखं. कॅल्शियम कमी पडलं हे खरं, पण फळात. मातीत ते बहुधा भरपूर असतं. कॅल्शियम फक्त पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर जातं, आणि प्रवाह तिकडे जातो जिथून पाणी उडून जातं, म्हणजे पानांकडे. फळातून पाणी फारसं उडत नाही, म्हणून त्याच्या वाट्याला थोडंच येतं, आणि बूड तर वाटेच्या शेवटी. एक दिवस कुंडी कोरडीठाक आणि दुसऱ्या दिवशी पूर, असं झालं की कोवळ्या फळाचा पुरवठा तुटतो. डाग नंतर दिसतो. नुकसान त्याआधी होऊन गेलेलं असतं.

उपाय कंटाळवाणा आहे: पाणी नियमित, मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन, आणि कुंडी झाडाला पुरेल एवढी मोठी. युरिया आणि अमोनियमवाली खतं आवरती घ्या, कारण अमोनियम कॅल्शियमला अडवतं. फळांवर कॅल्शियम फवारून विशेष काही होत नाही; टोमॅटोच्या सालीला पानासारखी रंध्रं नसतात. लांबट जातींना हा त्रास जास्त, चेरी टोमॅटोला क्वचित. डाग पडलेली फळं तोडून टाका, पुढची बहुधा चांगली येतात.

माती खरंच हलकी असेल, किंवा नुसतं कोकोपीट वापरत असाल, तर कॅल्शियम नायट्रेट द्यावं लागतं. कोकोपीट स्वतःकडचं पोटॅशियम आणि सोडियम सोडतं आणि त्यांच्या जागी कॅल्शियम, मॅग्नेशियम धरून ठेवतं. ते आधी कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवून, निथळून घेतलेलं बरं. मात्र कॅल्शियम नायट्रेट आणि मॅग्नेशियम सल्फेट यांची घट्ट द्रावणं एका भांड्यात मिसळू नका. जिप्सम होऊन तळाला बसतं. स्फुरदाच्या खताबरोबरही तसाच साका बसतो. वेगवेगळ्या दिवशी द्या.

जास्त झालंय का, ते मोजा

मातीवर किंवा कुंडीच्या काठावर पांढरा थर, जवळजवळ सगळ्याच पानांची टोकं तपकिरी, माती ओली असूनही दुपारी झाड मान टाकतंय. हे क्षार. मुळांभोवतीचं पाणी इतकं खारट झालेलं असतं की झाडाला ते ओढता येत नाही. लोक याला पालाशची कमतरता समजतात आणि वर आणखी क्षार घालतात.

मोजायला सामू आणि ईसी (पाण्याची विद्युतवाहकता, त्यावरून क्षार किती ते कळतं) दाखवणारी लहान यंत्रं मिळतात. सामूचं यंत्र ४ आणि ७ च्या प्रमाणित द्रावणात बुडवून आधी जुळवून घ्या. न जुळवलेल्या यंत्राचा आकडा नसलेला बरा. मातीत खुपसायच्या दोन काड्यांच्या स्वस्त यंत्रावर माझा भरवसा नाही. कुंडीला नेहमीसारखं पाणी द्या, अर्धा-पाऊण तास थांबा, मग वरून १०० मिली डिस्टिल्ड पाणी सावकाश ओता आणि खालून निथळणारं पहिलं ५० मिली पाणी स्वच्छ वाटीत धरा. त्यात सामू आणि ईसी दोन्ही बघा. ईसी ४ मिलीसीमेन्सच्या वर असेल तर खत पूर्ण बंद. कुंडी जेवढ्या लिटरची, त्याच्या दोन-तीनपट साधं पाणी हळूहळू सोडून सगळं निथळू द्या. वाफसा आल्यावर पुन्हा मोजा, आणि खत पुढे अर्ध्या मात्रेने सुरू करा.

सामू ७ च्या पुढे गेला असेल तर पाण्याकडे बघा. पावसाचं पाणी साठवता आलं तर उत्तम. नाहीतर पाण्यात चिमूट-चिमूट सायट्रिक आम्ल घालून, प्रत्येक वेळी मोजत, ते ६ ते ६.५ वर आणा. गंधकाची भुकटीही सामू उतरवते, पण तिचं आम्ल जिवाणू करतात आणि त्यांना कित्येक आठवडे लागतात. पिवळ्या झाडाला तोवर तग धरवायला लोहाची फवारणी हवी.

एका वेळी एकच बदल करा. आज मॅग्नेशियम, उद्या लोह, परवा माती बदल, असं केलं तर झाड सुधारलं तरी कशाने ते कळत नाही. उपाय केला त्या दिवशी शेंड्याच्या शेवटच्या उघडलेल्या पानाच्या देठाला रंगीत दोरा सैलसा बांधा. खालची करपलेली पानं पुन्हा हिरवी होणार नाहीत, त्यांच्याकडे रोज बघून जीव टांगणीला लावू नका. बघायचं ते दोऱ्याच्या वरचं. आठ-दहा दिवसांत तिथली नवी पानं निरोगी रंगाची आली तर निदान बरोबर होतं. मॅग्नेशियम किंवा नत्र दिलं असेल तर पिवळेपणा दोऱ्याखाली जिथे होता तिथेच थांबला का, हेही तपासा. दोन्हीकडे फरक नाही, सामू ठीक, ईसी ठीक, मुळं पांढरी, तर मूठभर माती आणि त्याच झाडाची दहा-पंधरा पानं वेगवेगळ्या कागदी पिशव्यांत घालून प्रयोगशाळेत द्या. प्लास्टिकच्या पिशवीत पानं घालू नका, पोहोचेपर्यंत ती कुजतात.